दमट हवेतले पॉलिहाऊस : केळघर परिसरातील तीन पावसाळ्यांचा अनुभव

जावळी तालुक्यात, मेढ्याहून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, केळघरच्या अलीकडे आमची शेती आहे. तेथे डिसेंबर 2021 मध्ये आम्ही दहा गुंठ्यांचे, म्हणजे 1008 चौरस मीटरचे, नैसर्गिक वायुवीजनाचे, म्हणजे पंख्यांविना हवा खेळवणारे, पॉलिहाऊस उभे केले आणि बांधणीचे काम पुणे भागातील एका कंपनीला दिले. 2022, 2023 आणि 2024 असे तीन पावसाळे त्यात काढल्यावर त्या बांधणीबद्दल, तिच्यातील साहित्याबद्दल आणि नंतर मिळालेल्या सेवेबद्दल सविस्तर लिहावे असे वाटले. पॉलिहाऊसविषयी आम्हाला जी माहिती मिळाली ती बहुतेक कोरड्या पट्ट्यातल्या हवेला धरून होती. जून ते ऑक्टोबर घराच्या भिंतींनाही ओल सुटते अशा आमच्या भागात तीच बांधणी कशी वागते, हे कोणी सांगितले नाही. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण माझा आक्षेप आराखड्यावर आहे आणि तसा आराखडा कोणाच्याही हातून येऊ शकतो.

बांधणी नेहमीच्या मापाची आहे. आठ मीटर रुंदीचे तीन गाळे, बत्तीस मीटर लांबी, चारही बाजूंना दोन मीटरचा कॉरिडॉर, असे मिळून 28 बाय 36 मीटर. पाईप जस्ताचा मुलामा दिलेले, दोन मिलिमीटर जाडीचे. छपराला 200 मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा पेपर. बाजूंना 40 मेशची, म्हणजे इंचाला 40 भोकांची, जाळी आणि वरखाली गुंडाळता येणारे पडदे. खर्च प्रति चौरस मीटर सुमारे 1,150 रुपये आला. त्या वेळी या आकाराच्या पाईपच्या बांधणीसाठी शासनाचा मापदंड प्रति चौरस मीटर 935 रुपये होता आणि अनुदान त्याच्या निम्मे, म्हणजे 1008 चौरस मीटरला 4,71,240 रुपये. मापदंडाच्या वरचा खर्च सर्वस्वी शेतकऱ्याचा असतो, एवढे ज्यांना बांधायचे आहे त्यांनी ध्यानात ठेवावे. आणि अनुदानाच्या पूर्वसंमतीचे पत्र हातात पडल्याशिवाय खड्डा खणू नये.

सांगाड्याबद्दल तक्रार नाही. आमची जमीन तांबडी, उताराची आहे आणि पश्चिमेचा वारा दरीतून सरळ अंगावर येतो. तरी तीन पावसाळ्यांत एकही खांब कलला नाही. छपराचे पाणी वाहून नेणाऱ्या, दोन गाळ्यांमधल्या गटरबद्दल तर मी कंपनीला पूर्ण गुण देईन. बांधणीच्या आधीच्याच जुलैत, 23 तारखेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत, महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस झाला होता आणि ते दिवस आमच्या डोळ्यांसमोर ताजे होते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या हिशेबाने शंभर मिलिमीटरच्या साध्या दिवशीही आमच्या छपरावरून एक लाख लिटर पाणी खाली यायचे. म्हणून गटरची रुंदी, उतार आणि खाली उतरणाऱ्या नळांची संख्या यांवर मी आठवडाभर वाद घातला, कंपनीनेही ऐकले, आणि आजवर एकदाही गटर तुंबून पाणी आत आलेले नाही.

पण सगळे लक्ष पावसावर गेले आणि हवेकडे कोणाचेच गेले नाही. आमचे पीक पावसाने मारले नाही, ते आतल्या दवाने मारले.

दमट भागात पॉलिहाऊस कशासाठी असते, हे आधी नीट सांगायला हवे. थंड देशांत ते उबेसाठी असते. कोरड्या पट्ट्यात ते ऊन, वारा आणि कीड यांपासून आडोसा देण्यासाठी असते, आणि तिथे आतली हवा ओलसर ठेवावी लागते म्हणून पाण्याचे धुके सोडणारे फॉगर बसवतात. आमच्याकडे मात्र त्याचे मुख्य काम एकच आहे : पान कोरडे ठेवणे. छप्पर पावसाचे पाणी पानावर पडू देत नाही, हे त्यातले निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काम म्हणजे आत साठलेली वाफ रात्र पडण्याआधी बाहेर घालवणे, आणि आमच्या आराखड्यात नेमका याचाच विचार नव्हता.

याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. 26 अंशांची हवा घनमीटरमागे सुमारे 24 ग्रॅम वाफ धरू शकते; तीच हवा 20 अंशांवर आली की ती 17 ग्रॅमच धरते. आमच्या पॉलिहाऊसच्या पोटात साधारण पाच हजार घनमीटर हवा मावते. ऑगस्टमधल्या दमट दुपारनंतर सगळे पडदे घट्ट लावून आपण घरी गेलो आणि रात्री तापमान सहा अंशांनी उतरले, तर घनमीटरमागे सात ग्रॅम, म्हणजे एकूण सुमारे पस्तीस लिटर पाणी कुठेतरी बसणारच. ते आधी पेपरवर बसते, मग गटरच्या पत्र्यावर, आणि शेवटी पानांवर व फळांवर. हे झाले नुसत्या हवेतले पाणी. रात्रभर माती आणि झाडे जी वाफ सोडत राहतात ती वेगळी.

कंपनीच्या प्रतिनिधीने चावी हातात देताना मोठ्या आपुलकीने सांगितले होते, की संध्याकाळी पाच वाजले की पडदे लावून घ्या, ऊब टिकते. पहिल्या वर्षी आम्ही ते तंतोतंत पाळले.

जून 2022 मध्ये रंगीत ढोबळी मिरची लावली. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे उजेड कमी पडला, फुले गळाली. ती चूक माझी होती, कारण ढोबळीला ऐन फुलोऱ्यात इतका अंधार चालत नाही. त्यातच छपरावरची झरोक्यांची पट्टी, जिला सगळे टॉप व्हेंट म्हणतात, ती कंपनीने पश्चिमेकडे तोंड करून बसवलेली निघाली. आमच्याकडे पावसाळी वारा पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो. त्या मीटरभर उंचीच्या फटीतून पाऊस जाळीवर आपटून तुषारांच्या रूपाने आत यायचा आणि तिन्ही गाळ्यांच्या पश्चिमेकडच्या बेडवर दिवसभर पडत राहायचा. कंपनीला फोन केला तेव्हा उत्तर आले, की व्हेंटवर पडदा लावून देतो. पडदा लावला, पाऊस थांबला, आणि वाफ बाहेर पडायची एकमेव वाट बंद झाली. गरम, ओली हवा वर चढते आणि वरूनच बाहेर पडू पाहते. तिचा रस्ता अडवल्यावर बाजूचे पडदे कितीही उघडे ठेवले तरी मधल्या गाळ्यातली हवा हलत नाही. त्या महिन्यांत मधल्या गाळ्यात उभे राहिले की चष्मा धुरकट व्हायचा.

तरीही खरा घाव पाऊस उघडल्यावर बसला. सप्टेंबरच्या अखेरीस आकाश निरभ्र झाले, दिवसा ऊन पडू लागले, आणि आम्हाला वाटले की आता सुटलो. पण ढगांचे पांघरूण गेले की रात्री पेपर झपाट्याने थंड होतो आणि दव पावसाळ्यापेक्षाही जास्त धरतो. सकाळी सहाला आत गेलो तर पानांच्या टोकांवर थेंब लटकत असायचे. ऊन आले की दुसरी अडचण : हवा लवकर तापते, पण जाड सालीचे फळ गारच राहते आणि गार तांब्यावर पाणी धरावे तसे फळावर पाणी धरते. रात्र संपली, आता कोरडे होईल असे वाटत असतानाच नवी ओल चढते.

याच ओलीवर राखाडी बुरशी आली. ती जवळून कशी दिसते ते सांगतो. ढोबळीचे फूल वाळले की पाकळी कोवळ्या फळाच्या खांद्याला चिकटून राहते. त्या मेलेल्या पाकळीखाली आधी एक पाणचट, तेलकट डाग पडतो. दोन दिवसांत त्यावर उंदराच्या लवेसारखी राखाडी लव येते. आणि फळाला बोट लावले तर धूर उडावा तशी भुकटी उडते. ती भुकटी म्हणजे बीजाणू. हे एकदा पाहिल्यावर मी संसर्ग झालेले फळ आत झटकून तोडणे बंद केले. आता त्याला प्लास्टिकची पिशवी घालून, पिशवीच्या आतच तोडतो. या बुरशीला झाडाचा भेद नाही. द्राक्ष, स्ट्रॉबेरी, गुलाब, जरबेरा अशा दोनशेहून अधिक वनस्पतींवर ती येते. ज्या देशांत भांगेच्या लागवडीला परवानगी आहे तेथील दमट भागांतले, उघड्यावर किंवा काचघरात पीक घेणारे उत्पादकही हिच्यामुळेच हैराण असतात. तिथे दाट फुलोऱ्याच्या गाभ्यात ओल अडकते आणि बाहेरून हिरवागार दिसणारा झुपका आतून सडलेला निघतो. आपल्याकडे गांजाच्या लागवडीला 1985 च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा ते पीक आपल्या कामाचे नाही. पण फुलोरा जितका दाट तितकी हवा अधिक खेळती हवी, हे त्यांचे अनुभवाचे शहाणपण जरबेऱ्याला आणि ढोबळीलाही जसेच्या तसे लागू पडते. बुरशीला आमची हवा मानवते, यात नवल नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू गेरवा संशोधन केंद्र महाबळेश्वरला आहे आणि गेरवा, म्हणजे तांबेरा, हाही बुरशीचाच रोग, यावरूनच काय ते ओळखावे.

आता सर्वांत महत्त्वाचा दोष. सुरुवातीला मला वाटत होते की बुरशी सगळीकडे सारखी आहे. आमच्याकडे तोडणीला येणाऱ्या मावशींनी एके सकाळी पदर पिळत सांगितले, "दादा, ह्या दोनच वळींत डोस्क्यावर पाणी पडतंया बघा." मी वर पाहिले. त्या दोन्ही ओळी मधल्या दोन गटरच्या बरोबर खाली होत्या. गटरचा पत्रा रात्री सर्वांत आधी थंड होतो, त्याच्या पोटाखाली दव धरते आणि तिथून थेंब-थेंब बत्तीस मीटर लांबीच्या ओळीवर पडत राहते. त्या दिवशी खडूने खुणा करून रोगट फळे मोजली, तर निम्म्याहून अधिक त्या दोन ओळींतली निघाली आणि उरलेली बहुतेक त्यांच्या शेजारच्या ओळींतली. गटरच्या खाली दवाचे पाणी झेलून बाहेर नेणारी एक लहान पन्हळ लावायची असते. आमच्या कोटेशनमध्ये ती नव्हती आणि ती असायला हवी हे मला ठाऊक नव्हते. पुढे मेढ्यातल्या एका वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याची पन्हळ करून घेतली, तिला दोन्ही टोकांना नळ्या जोडल्या. खर्च अकरा हजार रुपये. साडेअकरा लाखांच्या बांधणीत ही अकरा हजारांची वस्तू नसणे मला आजही फार लागते.

पेपरबद्दल माझे मत चांगले आहे. पाच थरांचा, थेंब न धरणारा म्हणून जो पेपर दिला, तो पहिली दोन वर्षे खरोखरच तसा वागला : दव थेंब होऊन खाली पडण्याऐवजी पातळ पडद्यासारखे पसरून कमानीवरून खाली ओघळते. यासाठी पेपरची एक विशिष्ट बाजू आत असावी लागते आणि ती त्यावर छापलेली असते; बसवताना तिथे उभे राहून ती वाचावी, कामगारांवर सोडू नये. तिसऱ्या वर्षी हा गुण ओसरला. शिवाय आमच्या भागात पेपरच्या बाहेरच्या अंगाला शेवाळ धरते, आधीच कमी असलेला उजेड आणखी घटतो. म्हणून गौरी-गणपतीनंतर एकदा मऊ फडक्याने छप्पर धुवावेच लागते. हे कंपनीच्या माहितीपत्रकात नाही.

जाळी 40 मेशची घेतली हे बरे झाले. फुलकिड्यांसाठी 50 मेशची घ्या असा आग्रह होता. पण जितकी बारीक जाळी तितकी कमी हवा, आणि आमच्याकडे ऐन पावसाळ्यात फुलकिड्यांपेक्षा बुरशीचे भय मोठे. उन्हाळ्यात फुलकिडे येतात, त्यासाठी चिकट सापळे आणि वेळेवर फवारणी करतो. जाळीच्या भोकांतही धूळ आणि शेवाळ बसते. वर्षातून दोनदा पाण्याच्या फवाऱ्याने ती मोकळी केली की आतला फरक अंगाला जाणवतो. फॉगरचा संच मात्र पॅकेजमध्ये आला म्हणून घेतला आणि वर्षातले जेमतेम सात-आठ आठवडे, मार्च ते मे दरम्यान, वापरला जातो. त्या पैशांत हवा फिरवणारे चार पंखे आले असते.

सेवेबद्दल दोन्ही बाजू सांगायला हव्यात. व्हेंटचे तोंड चुकले हे मान्य करायला कंपनीने सात महिने घेतले. त्यांचे म्हणणे असे, की गटर दक्षिणोत्तर ठेवले की व्हेंट एकतर पूर्वेला किंवा पश्चिमेला येते आणि ग्राहकाने आधी काही सांगितले नव्हते. वारा कुठून येतो हे जागा पाहायला आलेल्या माणसाने विचारायचे असते, असे मी उत्तर दिले. अखेर एप्रिल 2023 मध्ये निम्मा खर्च त्यांनी सोसून चार माणसे पाठवली. पेपर उतरवला, मोठ्या आणि लहान कमानींची अदलाबदल केली, व्हेंट पूर्वेकडे फिरवले आणि सहा दिवसांत पेपर पुन्हा ताणून बसवला. ती चार माणसे कामात अतिशय हुशार आणि नेटकी होती. पेपर ताणून धरणारी झिगझॅग स्प्रिंग बसवताना त्यांनी पेपरला एकही चीर पडू दिली नाही. त्यांच्या कामाबद्दल माझ्या मनात आदर आहे.

त्यानंतर आम्ही आमची वहिवाटच बदलली. आता पूर्वेकडचे व्हेंट पावसाळ्यातही बंद होत नाही. संध्याकाळी बाजूचे पडदे पूर्ण न लावता वारा नसलेल्या बाजूला हातभर फट ठेवतो. सकाळी ऊन पेपरवर येण्याआधी पडदे उघडतो, म्हणजे हवा आणि फळ बरोबरीने तापतात. ड्रिप सकाळी दहाच्या आत संपवतो, कारण दुपारनंतर दिलेले पाणी रात्री वाफ होऊन छपराला लागते. बेडवर माती झाकणारा मल्चिंग पेपर आहे, पण कॉरिडॉर आणि दोन बेडमधली वाट उघडी मातीची होती. तिथेही जुना पेपर अंथरल्यावर सकाळची ओल बरीच उतरली. खालची पाने दर पंधरा दिवसांनी काढतो आणि फवारणीही सकाळीच, कारण दमट दिवसात संध्याकाळी मारलेले औषध म्हणजे आपल्याच हाताने रात्रभरासाठी पान भिजवणे. तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक मधल्या गाळ्यात झाडाच्या उंचीवर टांगला आहे. तो 90 टक्क्यांच्या वर किती तास राहिला, हे वहीत लिहितो. ऑक्टोबर 2022 मध्ये रोजचे तेरा-चौदा तास भरत होते. 2024 च्या ऑक्टोबरात सहा-सात भरले.

पीकही बदलले. जून ते ऑगस्ट आता आत ढोबळी ठेवत नाही. छपराखाली स्ट्रॉबेरीच्या मातृरोपांपासून पिशव्यांत रोपे करतो, कारण उघड्यावरच्या गादीवाफ्यावर मुळे कुजण्याचे जे प्रमाण असते ते छपराखाली पुष्कळ कमी होते. सप्टेंबरमध्ये रोपे लागवडीला जातात, मग ढोबळी लावतो, आणि नोव्हेंबरपासून पुढचा कोरडा हंगाम तिला सापडतो. 2023 साली राखाडी बुरशी आलीच नाही असे नाही. पण ती झाडागणिक वेचून काढण्याइतकी राहिली. 2024 मध्ये मावशींनी टोपलीत वेगळी काढलेली रोगट फळे पूर्ण हंगामात दोन क्रेटही भरली नाहीत.

मग ही बांधणी घ्यावी का? सांगाडा, गटर आणि पेपर यांसाठी निःशंक घ्यावी. वाई, फलटण, कोरेगाव अशा कमी पावसाच्या बाजूला ती आहे तशीही चालेल असे मला वाटते. जावळी, महाबळेश्वर आणि पाटण तालुक्यांत घ्यायची तर आराखडा आपल्या वाऱ्यावर आणि आपल्या दवावर तपासूनच घ्यावी, आणि निदान पहिल्या पावसाळ्यासाठी तरी आत महागडे पीक लावू नये. ते वर्ष थेंब कुठे पडतो ते पाहण्यासाठी ठेवावे.

यंदा डिसेंबरमध्ये आमचा पेपर बदलायचा आहे आणि ते काम त्याच कंपनीला दिले आहे. या वेळी मागणीपत्रात तीन गोष्टी लिहून घेतल्या : छापलेली बाजू आत आहे याची तपासणी माझ्यासमोर होईल, दवाच्या पन्हळी उतरवून, साफ करून, उतार पाहून पुन्हा बसवल्या जातील, आणि शेवटचा हप्ता बसवल्याच्या दिवशी नाही, तर पुढच्या भाद्रपदातल्या एका सकाळी, सहा वाजता, दोघांनी मिळून आत फिरून आल्यावर दिला जाईल. तिसऱ्या अटीवर प्रतिनिधी थोडा थांबला, मग त्याने सही केली.